गाण्यातला फ्लरी कोटर

“फ्लरी, त्या दिवशी पुलावर तू होतास का?”

गोबनेटच्या तोंडून प्रश्न सुटला आणि चॅपेलच्या भिंतीमागे लपलेल्या हॅना आणि पेगनं झटकन डोकी खाली घेतली. पैज त्यांनीच लावली होती, हॅनाच्या निळ्या रिबिनीची. पण ही बया खरंच विचारेल असं दोघींनाही वाटलं नव्हतं. आमच्याकडे असले प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही.

लिसगॉरच्या पुलावर टॅन शिपायांच्या लॉरीवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याला तेव्हा पाच दिवस झाले होते. इंग्रज राजाचे चार शिपाई मेले होते. त्या मंगळवारी सकाळी कोण कुठे होतं हे अख्ख्या पंचक्रोशीत एकालाही आठवत नव्हतं. पुलावर होते ते गप्प होते आणि नव्हते तेही गप्प होते. “मी नव्हतो” असं दहा जणांनी म्हटलं की अकराव्याकडे आपोआप बोट जातं, म्हणून “नव्हतो” म्हणणं हीसुद्धा चुगलीच. आमच्याकडे लेकरू दात येण्याआधी हा नियम शिकतं.

फ्लरी कोटर तेवीस वर्षांचा, दाराच्या चौकटीत वाकून शिरणारा. पण गावात त्याला म्हणायचे ससा. दोन वर्षांपूर्वी राजाविरुद्ध लढणाऱ्या पोरांच्या पहिल्याच कवायतीला कोणीतरी हवेत पिस्तूल उडवलं आणि हा गडी तीन कुंपणं ओलांडून थेट आईच्या चुलीपाशी. तेव्हापासून दर रविवारी त्यांच्या फाटकावर कोणी ना कोणी कोबीचं पान अडकवून जायचं. ससा खाईल म्हणून.

आता तो कानापर्यंत लाल झाला. टोपी हातात दोनदा फिरवली.

“कोण विचारतंय? तू, की त्या भिंतीमागच्या दोन टोप्या?” एवढंच म्हणून तो चालायला लागला.

“तो ‘नाही’ म्हणाला नाही!” गोबनेट भिंतीमागे येऊन नाचायलाच लागली. “ऐकलंत ना? नाही म्हणाला नाही!”

“‘हो’सुद्धा म्हणाला नाही,” पेग म्हणाली.

“हो कोण म्हणेल, खुळे? रिबीन काढ, हॅना.”

गोबनेट लेहेन सोळा वर्षांची. गेल्या ऑक्टोबरपर्यंत ही पोरगी कॉन्व्हेंटमध्ये हजेरीला “हजर” म्हणतानासुद्धा बाकाखाली बघायची. मग सिस्टर बेनिग्नस यांनी तिचा ‘आमची मेलेली कोंबडी’ हा निबंध वर्गात वाचून दाखवला, आणि वर्ग आधी खो खो हसला आणि शेवटी मुसमुसून रडला. त्या दिवसापासून गोबनेटच्या खांद्यांना पंख फुटले. आपण शब्द टाकले की चाळीस पोरी हसतात आणि रडतात! असलं घबाड सापडल्यावर कोण गप्प बसेल?

सोमवारी तिनं गणिताच्या वहीत, बीजगणिताच्या पाठच्या पानावर, एका बैठकीत गाणं करून टाकलं:

*लिसगॉरच्या पुलावरती पहाट होती ओली,*
*फ्लरी कोटर म्हणे गड्यांनो, माझी पहिली गोळी!*
*सांग नदीला, सांग डोंगरा, सांग गावच्या पोरी,*
*ससा म्हणाले ज्याला त्यानं तोडली साखळदोरी.*

अशी सात कडवी. गाण्यात नाव हवंच, गावही हवंच. बिननावाचं गाणं म्हणजे बिनमिठाचा बटाटा. आमची सगळी गाणी तशीच: अमक्या खिंडीत तमक्याचा पोर, या पुलावर त्या विधवेचा लेक. शंभर शंभर वर्षांची नावं आम्हाला शेजाऱ्यांसारखी पाठ असतात. एक गोष्ट मात्र गोबनेटच्या ध्यानात आली नाही, आणि तिथंच सगळं घडलं. ती सगळी नावं आधी थडग्याच्या दगडावर कोरली गेली होती, मग गाण्यात आली होती.

हॅनानं गाणं उतरवून घेतलं. पेगनं ते आत्याला शिकवलं. जत्रेजत्रेतून गाणी म्हणत फिरणाऱ्या मॉल म्हातारीच्या कानावर ते गेलं, आणि तीन आठवड्यांत गुलाबी कागदावर छापून, एका पेनीला एक, हातोहात खपायला लागलं. केलं कोणी? कोणी विचारलंही नाही. गाणी आमच्याकडे पावसासारखी येतात, ढगाचं नाव कोण विचारतो?

गोबनेटची आई लोणी घुसळताना तेच गाणं म्हणायची. “पहिली गोळी”ला रवी जोरात आपटायची. गोबनेट पाठ करून उभी राहायची आणि ओठ दाताखाली दाबून हसू गिळायची. एकदा तिनं मुद्दाम विचारलं, “आई, बरंय का गं हे गाणं?”

“बरं काय, अंगावर काटा येतो. कोण्या मास्तराचं असणार.”

आणि फ्लरी? त्याच्या फाटकावरची कोबीची पानं बंद झाली. दारूच्या दुकानात लोक त्याच्यापुढे काळी बिअर आणून ठेवायला लागले. त्याच्या आईनं, कोटरकाकूंनी, गुलाबी पत्रक येशूच्या तसबिरीखाली टाचणीनं टोचलं आणि तीस वर्षं वाकलेली मान सरळ करून त्या चॅपेलला यायला लागल्या. आधी आधी फ्लरी खाली बघायचा. मग एक दिवस तो गोबनेटला डेअरीच्या वाटेवर भेटला, गाढवाच्या गाडीवर दुधाचे कॅन, पाय सोडून बसलेला. आणि शीळ घालत होता तिचीच चाल! ती घरी पोचेपर्यंत जमिनीवर चाललीच नाही.

सहाव्या आठवड्यात टॅननी त्याला डेअरीच्या रांगेतून उचललं. अधिकाऱ्याच्या हातात गुलाबी कागद होता. त्यानं नाव वाचलं, रांगेकडे बघितलं आणि विचारलं, “यातला फ्लरी कोटर कोण?”

रांगेतल्या सगळ्यांनी आपापल्या कॅनकडे बघितलं. फ्लरीनं टोपी काढली आणि म्हणाला, “मी.”

पुढच्या गुरुवारी कॉर्कला लष्करी कोर्ट बसायचं होतं. त्या कोर्टाचा निकाल एकच असतो हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

“मी मारलं त्याला,” गोबनेट हॅनाला म्हणाली. शाळेच्या मागे, कोळशाच्या खोपटात. दोन दिवसांत तिच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं.

“गप्प! भिंतींना कान असतात. मारणारे ते, तू कशाला मारशील?”

“त्यांना नाव कोणी दिलं? मी दिलं. यमक जुळवून दिलं, हॅना! चालीवर म्हणता येईल असं दिलं!”

“हे बघ,” हॅना तिचे खांदे गदागदा हलवत म्हणाली, “तो होता ना पुलावर? मग आज ना उद्या त्यांना कळलंच असतं. तू खोटं थोडंच लिहिलंस?”

तेवढीच एक काडी गोबनेटच्या हाताला होती. ती धरून तिनं सोमवार काढला. मंगळवारी ती कोटरकाकूंच्या दारात उभी राहिली.

“काकू, तुरुंगात भेटायला जाताय ना? मला न्या. भाची म्हणून सांगा.”

काकूंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. डोळे सुजलेले, पण मान ताठच. “माझ्या लेकावर जीव आहे का गं तुझा?”

गोबनेटला खरं सांगता येईना. ती म्हणाली, “हो.”

“मग चल. रडायचं नाही बरं का तिथे. गाण्यातल्या माणसाच्या घरचे रडत नसतात.”

भेटीची खोली म्हणजे एक टेबल, एक खिडकी आणि दारात एक इंग्रज वॉर्डर, मिसरूडही न फुटलेला. त्यानं काकूंनी आणलेला मनुकांचा केक सुरीनं उभा आडवा चिरायला घेतला आणि काकूंच्या तोंडाचा पट्टा सुटला.

“अरे मेल्या, मनुका आहेत त्या! गज कापायची कानस कशी असेल त्यात? तुझ्या आईनं कधी केक केलाच नाही काय?”

तिकडे ते चाललं होतं आणि इकडे फ्लरी टेबलापलीकडे बसला होता. आठ दिवसांत गळ्याची हाडं वर आली होती. हात टेबलाखाली होते, पण टेबल थरथरत होतं. गोबनेटला बघून तो हसला.

“तू होय! मला वाटलं कुठली भाची उगवली. वासरू कसं आहे?”

“कुठलं वासरू?”

“तुमचं. तांबडं. उलटं आलेलं. पितंय का नीट? मागचा डावा पाय जरा पिळवटला होता, ओढताना माझ्याच हातून. लंगडत नाही ना?”

गोबनेटनं बोटांवर आठवडे मोजले.

वासरू त्या मंगळवारचं होतं. पुलाच्या मंगळवारचं. ती शाळेतून आली तेव्हा गोठ्यात ओलं, थरथरतं, तांबडं वासरू उभं होतं. आई म्हणाली होती, “गोळीबार झाला आणि हे बाहेर आलं.” बाबा म्हणाले होते, “आपलं आपण आलं.” उलटं वासरू आपलं आपण येत नाही. आणि बाबांचा उजवा हात मळणीयंत्रात गेल्यापासून नुसता खांद्याला लटकलेला. त्या हातानं ते चहाचा कपसुद्धा उचलत नाहीत. गेले सात आठवडे ती रोज सकाळी त्या वासराला बादलीनं दूध पाजत होती. त्याला बाहेर ओढलं कोणी, हा एवढा साधा प्रश्न तिच्या शहाण्या डोक्यात एकदाही आला नव्हता. तिनं फक्त पैजेचा प्रश्न विचारला होता.

“तू आमच्या गोठ्यात होतास,” ती अगदी हळू म्हणाली.

फ्लरीनं दाराकडे नजर टाकली. काकू आता वॉर्डरला केकचा तुकडा खायला लावत होत्या. “खा, खा म्हणते! विष आहे का बघ!”

“हळू बोल.”

“मग सांगितलं का नाहीस? मी विचारलं होतं तुला!”

“काय सांगू? गावातली पोरं मरायला उभी होती आणि मी खांद्यापर्यंत गाईत होतो म्हणून? गोळ्या ऐकल्या तेव्हा माझे पाय असे लटपटले की तुझ्या बाबांनी मला डाव्या हातानं धरून ठेवलं.”

“आता सांग. गुरुवारी सांग.”

“मी नव्हतो म्हटलं की ते विचारणार, मग कोण होतं. आणि आपली माणसं त्या कोर्टाला कोर्ट म्हणत नाहीत. उभं राहायचं, ‘मी हे कोर्ट मानत नाही’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. मी पाठ केलंय.” तो पुढे झुकला. त्याच्या डोळ्यांत अचानक कसलीशी चमक आली, आणि गोबनेटला तिची भीती वाटली. “तुला माहितंय, सकाळी मला अंगणात फिरवतात तेव्हा बाकीचे कैदी दारं बडवतात. गाणं म्हणतात. माझ्यासाठी, गोबनेट! सशासाठी! दोन बहाद्दरांनी तर गजांतून हात घालून माझ्या बाहीला हात लावला. आणि आई बघ. आई कशी चालते बघितलंस? तिला मी काय सांगू आता?”

“फ्लरी, ते गाणं मी केलंय.”

त्यानं टेबलाखालून हात वर काढले.

“शाळेच्या वहीत. तू नाही म्हणाला नाहीस म्हणून. खोटं आहे ते. मी उपटसुंभ, मीच खोटं लिहिलं, त्याच्यासाठी तू मरू नकोस, मी पाया पडते.”

फ्लरी हसायला लागला. आवाज नव्हता, फक्त खांदे हलत होते, आणि हसता हसताच डोळे भरून आले.

“मला वाटलं होतं मास्तराचं आहे,” तो म्हणाला. “चांगलं केलंयस. फक्त एक चुकलंय. गाण्यातल्या माणसाचे पाय लटपटत नाहीत. माझे रोज लटपटतात.” मग त्यानं बाहीला डोळे पुसले. “शेवटचं कडवं राहिलंय ना? ते नंतर कर. पायांचं त्यात घालू नकोस.”

“वेळ संपला,” वॉर्डर म्हणाला. त्याच्या ओठाला केकचा चुरा लागला होता.

परतीच्या गाडीत कोटरकाकू गुणगुणत होत्या. “त्यानं तोडली साखळदोरी.” गोबनेटनं खिडकीच्या काचेला कपाळ टेकलं. चाळीस पोरींना रडवणारी ती, तिच्याजवळ या एका बाईला सांगायला एक शब्द नव्हता.

घरी पोचली तेव्हा आईबाबा चुलीपुढे गुडघे टेकून माळ जपत होते. “आणि फ्लरी कोटरसाठी,” आई म्हणाली आणि बाबांनी मान खाली घातली. गोबनेटला त्या दोघांच्या पाठी दिसत होत्या. यांना माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

बुधवारी सकाळी ती नेहमीसारखी गोठ्यात गेली. वासरानं बादलीत तोंड खुपसलं, दूध नाकात गेलं, फुर्रकन शिंकलं. मग सवयीनं तिची बोटं चोखायला लागलं. मागचा डावा पाय जरासा आत वळलेला होता. लंगडत नव्हतं.

मेंढ्या कातरायची कात्री खुंटीला होती.

ती स्वयंपाकघरात शिरली तेव्हा बाबा चहात सोडा ब्रेड बुडवत होते. आईनं वर बघितलं आणि तिच्या हातातली किटली कलंडली.

“अगं कार्टे! केस! काय केलंस हे?”

गोबनेटनं हातातली वेणी टेबलावर ठेवली, बटाट्याच्या टोपलीशेजारी. टोकाला हॅनाची निळी रिबीन तशीच होती. डोक्यावर उरलं होतं ते पेरभर, वेडंवाकडं, उंदरानं कुरतडल्यासारखं.

“बाबा, वासरू कोणी ओढलं?”

बाबांचा ब्रेड चहात तुटून पडला.

“तुला कोणी सांगितलं?” आई म्हणाली.

“ज्यानं ओढलं त्यानं. वासराचा पाय कसा आहे विचारत होता. उद्या कोर्ट बसणार, गळ्यात दोरी पडणार आणि हा वासराचा पाय विचारतोय!”

“मी गेलो होतो,” बाबा म्हणाले. आवाज विहिरीतून आल्यासारखा. “त्याला धरलं त्याच संध्याकाळी मी गेलो होतो पोरांच्या कप्तानाकडे. म्हटलं, मी साक्ष देतो, तो माझ्या गोठ्यात होता. तो म्हणाला, राजाच्या कोर्टात आपलं माणूस पाऊल टाकत नाही. म्हणाला, फ्लरी त्यांच्या हातात आहे तोवर ते दुसऱ्या कोणाला शोधत नाहीत, सात पोरं वाचतायत. आणि म्हणाला, जो जाईल तो...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. तसल्या वाक्याचा शेवट आमच्याकडे रस्त्याच्या कडेला सापडतो, छातीवर ‘चुगलखोर’ अशी चिठ्ठी लावलेला. बाई असली तर केस कापून सोडतात. बहुतेकदा सोडतात.

“आणि फ्लरीनं स्वतः निरोप धाडला,” आई म्हणाली. “बोलू नका म्हणून. त्याचीच इच्छा आहे, पोरी. आपण काय करणार? घर जाळतील. एकांनी नाही तर दुसऱ्यांनी.”

“तुम्हाला गाणं खोटं आहे हे माहीत होतं. आणि तू ते लोणी घुसळताना म्हणत होतीस!”

“सगळेच म्हणत होते! मला काय ठाऊक असं होईल? ज्या मेल्या मास्तरानं ते केलं त्याचे हात झडोत. गाणी मेलेल्यांची करायची असतात. जित्या माणसाचं नाव गाण्यात घालतं का कोणी? एकदा घातलं की त्याला मरावंच लागतं.”

“मास्तरानं नाही केलं,” गोबनेट म्हणाली.

बाहेर कोंबडी ओरडत होती, अंडं घातल्याची बढाई मारत. आईनं आधी तिच्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या वेणीकडे, आणि मग हळूच स्टुलावर बसली. बाबांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, जसा ते भीती वाटली की ठेवतात.

गोबनेटचे गुडघे लटपटत होते. अगदी खरेखुरे, परकराखाली दिसतील असे. तिनं टेबलाची कड धरली.

“ते माझं गाणं आहे. आता ऐका, मधे बोलू नका, नाहीतर मला जमणार नाही. अकराच्या गाडीनं मी कॉर्कला जातेय. उद्या त्या कोर्टात उभी राहून सांगणार आहे की पहिली गोळी मी झाडली, माझ्या गणिताच्या वहीत, आणि ती वही मी बरोबर नेतेय. सांगणार आहे की त्या वेळी फ्लरी कोटर आमच्या गोठ्यात होता आणि त्याचे पाय लटपटत होते. कोटरकाकू माझ्यावर थुंकतील, थुंकू देत. फ्लरी मला आयुष्यभर माफ करणार नाही, पण त्याला आयुष्य तर असू दे. पुलावर कोण होतं ते मला माहीत नाही, आणि ते मी आता कोणालाही विचारणार नाही. केस कापायचा त्रास कोणाला नको म्हणून मीच कापलेत. बाबा, तुम्ही आलात तर ते माझ्यावर विश्वास ठेवतील. नाही आलात तरी मी जातेय.”